साहेब नापीवर आहेत

छायाचित्रकार हा काळाचा साक्षीदार असतो. इतिहास खोटं बोलेल, सरकार खोटं बोलेल, पण गल्लीत एकटा उभा असलेला छायाचित्रकार कधी खोटं बोलणार नाही. माझ्या साक्षीत मात्र बहुधा कॅमेऱ्याचा पट्टाही येतो.

कारखान्याच्या हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि माझे पस्तीस वर्षांपासूनचे मित्र बाबाराव यांनी मला या नादाला लावलं. दर रविवारी सकाळी दोन स्कूटरी कॅम्प-1 या हिंदी बोलणाऱ्या मजूरवस्तीच्या तोंडाशी उभ्या करायच्या आणि मागच्या गल्ल्यांमध्ये शिरायचं. पद्धत ठरलेली. बाबाराव पुढे जाणार, मी पाच मिनिटांनी.

"तुमी जरा थांबून या जी, गुलाबरावजी," ते म्हणत. "मी माहोल बनवून ठेवतो."

माहोल खरोखरच बनलेला असे. मी गल्लीत पाऊल टाकलं की बसलेली माणसं उठून उभी राहत. कोणी बादली आत ओढी, कोणी बकरी. म्हातारे हात जोडत. कॅमेरा उचलला की सगळे घरात पळत आणि बिजलीचं बिल, राशन कार्ड छातीशी धरून परत येऊन उभे राहत. असे एकशे चाळीस फोटो माझ्याकडे आहेत. आमच्या सौ. वसुंधरा ते चाळून म्हणाल्या, "हे फोटो काढले, का फॉर्म भरून घेतले?"

मला एकच फोटो हवा होता. कोणीतरी माझ्याकडे पाहून हसतंय, असा. बस, एवढंच. बाबारावांजवळ हे बोललो, तर म्हणाले, "तुमच्या पर्सनॅलिटीचं वजन पडते जी लोकाइवर." घरी येऊन आरशात वजन पाहिलं. होतं.

आमच्या छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनात बाबारावांच्या 'चेहरे' या मालिकेला पहिलं बक्षीस मिळालं. काय एकेक चेहरे! धसका, काळजी, आर्जव. बघणारे हळहळत होते. सगळ्यांत मोठा फोटो गल्लीतल्या भजीवाल्या शकुबाईचा. घरापुढच्या टिनाच्या छपराखाली ती भजी तळते आहे, झारा हातातच राहिलाय, डोळे विस्फारलेले. टाळ्या मीच सुरू केल्या. माझी 'कागद' ही मालिका जिन्याखाली लावली होती.

शकुबाईला तिचा फोटो पाहायला मिळावा म्हणून एक प्रत काढून घेतली आणि बुधवारी एकटाच कॅम्पात गेलो. ती स्टुलावर चढून छपराचं टीन उचकटत होती. अर्धं उतरवून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मला पाहताच खाली उतरली.

"काढूनच राहिली न साहेब! दुपारपर्यंत पुरं निघते. घर तेवढं नका पाडू जी."

भंडाऱ्याकडची बोली. कॅम्पातल्या गल्लीत मराठी ऐकून मला इतका आनंद झाला की अर्थ जरा उशिरा पोचला.

"तुमचं घर मी कशाला पाडू, बाई?"

"मंग दर रव्वारी घरं मोजाले, नापी कराले कावून येऊन राहिले? तुमचे बाबू सांगून जातेत न पयले येऊन. 'अतिक्रमण वाले साहब हैं, नापी करने आ रहे हैं.' मंग ते कोपऱ्यात कॅमेरा धरून उभे राह्यतेत, अन् आमी तुमची वाट पाह्यतो."

मी हातातला फोटो नीट पाहिला. शकुबाईची नजर कॅमेऱ्याकडे नव्हतीच. थोडी डावीकडे होती, गल्लीच्या तोंडाकडे, जिथून मी येतो. हॉलमधले सगळेच चेहरे तिकडेच पाहत होते. त्यांच्या धसक्यावर लोक हळहळले, मी टाळ्या वाजवल्या, आणि धसका म्हणजे मीच होतो.

तिथूनच बाबारावांना फोन लावला.

"बाबारावजी, मी अतिक्रमणवाला आहे काय?"

पलीकडे चहाचा घोट ऐकू आला. "कोनं सांगितलं?"

"शकुबाईनं. टीन काढून राहिली ती."

"अरे बाप रे. ते नोको होतं काढाले." मग आवाज खाली आणून, "पन एक सांगा, असा भाव माझ्याच्यानं आला असता काय? मले पाहून तं लोक चाय इचारतेत. अर्धं बक्षीस तुमचंच हाये जी."

"पस्तीस वर्षं झाली, बाबाराव."

एवढ्या वर्षांत 'जी' मी पहिल्यांदाच गाळला होता. त्यांना ते कळलं असावं, कारण कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "रव्वारी येता न? सेक्टर 2 च्या मांगं ऊन चांगलं येते."

मी फोन बंद केला.

"बाई," मी म्हणालो, "मी साहेब नाही. रिटायर क्लार्क आहे. तुमचं घर सोडा, माझ्या घरातला खिळासुद्धा मला विचारून निघत नाही."

तिनं मला डोक्यापासून चपलेपर्यंत पाहिलं.

"म्हंजे कोनीच नाही तुमी?"

"कोणीच नाही."

शकुबाई हसायला लागली. आधी पदरात, मग पदर सोडून, माझ्याकडे पाहून. मी घाईघाईनं कॅमेरा डोळ्याला लावला.

"ते ठेवा जी बाजूले," ती स्टुलावर चढत म्हणाली, "अन् हे टीन जरा वर धरा."