आचारसंहितेतला नळ

मित्रांनो, हात ओले असतील तर पुसून घ्या आणि घटकाभर या ओट्यावर टेका. मी पंचशीलनगरच्या तोंडाशी उभा असलेला जुना सार्वजनिक नळ. नाशिकमध्ये माझी तेहतीस वर्षं गेली. नळाच्या जातीत एवढं वय म्हणजे पिकलं पान. मला बोलायची सवय नाही, कारण माझ्यापुढे बोलणाऱ्यांचा कधी तोटा पडला नाही. पण परवाच्या महापालिका निवडणुकीत जे झालं ते पोटात ठेवून मी दमलो आहे, म्हणून सांगतो.

माझा जन्म ओतकामाच्या एका कारखान्यात झाला. खांब बिडाचा, तोटी पितळेची. मला इथे आणून उभं केलं तेव्हा वस्तीत एकाही घरात नळ नव्हता. गंगापूर धरणाचं पाणी पाइपातून माझ्यापर्यंत यायचं. पहाटे माझ्यापुढे हंड्यांची रांग लागे. त्या रांगेत भांडणं झाली, सोयरिकी जुळल्या, परीक्षांचे निकाल कळले. माझ्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं. त्या दिवसांत मी खरंच सुखी होतो.

मग घरोघरी नळ आले आणि रांग आटली. बरंच झालं म्हणा, बायकांच्या कमरा तरी वाचल्या. पण नाल्याकडच्या अठरा घरांचे कागद काही पुरे होईनात. एक कागद आणला की दुसरा मागतात. त्या अठरा घरांना आजही मीच आहे. बाकीच्यांनी मला गाड्या धुवायला आणि पानाच्या पिचकाऱ्या मारायला ठेवलं. ओटा फुटला, तोटी ठिबकू लागली. मी ओरडलो नाही, ठिबकत राहिलो.

निवडणुका मी सहा पाहिल्या. मध्ये तर इतकी वर्षं निवडणूकच झाली नाही की आश्वासन द्यायलासुद्धा कोणी फिरकेना. या वेळी मात्र सगळी कसर भरून निघाली. एकजण म्हणाला चोवीस तास पाणी, दुसरा म्हणाला घरोघरी मीटर, तिसरा भुयारी गटार, चौथा प्रत्येक खांबाला नवा दिवा. प्रत्येकाने माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढला. माझ्यातून पाणी येतं का, हे एकानेही तोटी फिरवून पाहिलं नाही.

त्यात यंदा छायाही उभी राहिली. छाया आमच्याच वस्तीतली, एका कंपनीत पॅकिंगचं काम करते. तिचा जाहीरनामा एका पानाचा, हाताने लिहून झेरॉक्स काढलेला. पाणी सकाळी ठरल्या वेळी पाऊण तास सोडावं, घंटागाडी नाल्यापर्यंत यावी, संडासाजवळ दिवा लागावा आणि अठरा घरांना नळ मिळेपर्यंत हा नळ काढू नये. बस्स, एवढंच. वाचून मला भरून आलं. तेहतीस वर्षांत माझं नाव कुणी कागदावर लिहिलं नव्हतं.

अपक्ष उमेदवारांना चिन्हं वाटली तेव्हा तिला चिन्ह मिळालं नळ! ती धावत येऊन मला म्हणाली, "बघ रे, आता तू अन् मी एकच." वस्तीभर जय भीमच्या आरोळ्या झाल्या. मी म्हातारपणी जरा फुशारलो, कबूल करतो. आणि तिथेच माशी शिंकली.

तिच्याविरुद्ध गोरक्षभाऊ उभे होते. मूळचे शेतकरी, आता प्लॉटचा धंदा आणि दारात दोन टँकर. त्यांच्याकडून निवडणूक कार्यालयात लेखी तक्रार गेली, की पंचशीलनगरच्या तोंडाशी एका उमेदवाराचं चिन्ह उघड्यावर उभं असून तो आचारसंहितेचा भंग आहे. तुम्हाला वाटेल, तिथले साहेब हसले असतील. साहेब हसत नसतात. दुसऱ्याच दिवशी ते जीप घेऊन आले, बरोबर पाणी सोडणारा बुद्धभूषण. वस्तीच्या फलकावरची पुढाऱ्यांची नावं त्यांनी कागद चिकटवून झाकली. मग साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "हेही झाका."

विठाबाई हंडा घेऊन उभीच होती. नाल्याकडच्या शेवटच्या घरात ती एकटी राहते, सत्तरी उलटली आहे. बुद्धभूषण खाली मान घालून म्हणाला, "आजी, जरा सरका. माझा नाइलाज हाय." त्याने माझ्यावर गोणपाट घातलं, सुतळीने आवळलं आणि गाठीवर सहीशिक्क्याचं सील लावलं.

"अहो सायेब, पाणी कुठून भरू मी?"

"आजी, नियम आहे. नळ चिन्ह आहे."

"मंग त्या दुसऱ्या गड्याचं चिन्ह कपबशी हाय. कोपऱ्यावरच्या टपरीतल्या कपबशा का नाय झाकल्या?"

साहेबांनी फायलीत पाहिलं. "त्याची तक्रार आलेली नाही."

सील तोडलं तर गुन्हा दाखल होईल, असं बजावून जीप गेली. गोणपाटाच्या आत अंधार होता आणि जुन्या कांद्याचा वास. पहाटे पाणी सुटलं की ते माझ्या गळ्यापर्यंत येई आणि तिथेच थांबे. बाहेर हंड्यांचे आवाज येत, मग रिकामे हंडे परत जात. असली शिक्षा मला कधी मिळाली नव्हती.

दोन दिवसांनी गोरक्षभाऊंचा टँकर आला. टँकरवर नाव नव्हतं, आचारसंहिता ना! पण ड्रायव्हर प्रत्येक हंड्यामागे नाव सांगत होता. त्या टँकरबद्दल कुणी तक्रार केली नाही. तहानलेला माणूस तक्रार कसली करतो?

बायांचा राग निघाला तो छायावर. "तुझ्या चिन्हापायी आमचं पाणी गेलं. कुणी सांगितलं होतं उभं राह्यला?" छाया तडक निघाली. कार्यालयात जाऊन ती म्हणाली, चिन्ह बदला. साहेब म्हणाले, आता बदलता येत नाही. मग माझी उमेदवारीच काढून घ्या. मुदत संपली. मग निदान नळ सोडा. वरून आदेश हवा. संध्याकाळी ती माझ्यापाशी आली, गोणपाटावर डोकं टेकलं आणि रडली. "मला काय ठाव, माझ्यापायी तुलाच बांधतील म्हणून," म्हणाली. मला तिची फार कणव आली.

त्यानंतर तिचा प्रचार राहिला बाजूला. ती रोज पहाटे दोन गल्ल्या ओलांडून मैत्रिणीच्या घरून पाणी आणी. पहिला हंडा विठाबाईचा, मग बाळंतिणीच्या घरचा, मग जमेल तितकं. तिच्या पायांचा आवाज मी आतून ओळखू लागलो. नऊ दिवस तिने पाणी वाहिलं आणि एकाही दारात मत मागितलं नाही.

मतदानाच्या दिवशी विठाबाई शाळेतल्या केंद्रावर जाऊन आली आणि परतताना माझ्यापाशी थांबली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, "यंत्रावर तुझं चित्र दिसलं. म्हनलं, बाबा, इथं तरी उघडा हायेस." आणि पदराने तोंड झाकून हसली. कितीतरी दिवसांनी कोणी माझ्यापुढे हसलं होतं.

छाया पडली. तिला दोनशे चौदा मतं मिळाली. गोरक्षभाऊ निवडून आले. जगाची रीत आहे, मला नवल वाटलं नाही. वाईट मात्र वाटलं.

दुसऱ्या दिवशी आचारसंहिता उठली आणि सकाळीच ताशाचा आवाज आला. गोरक्षभाऊ गुलालात न्हालेले, बरोबर फोटोवाला आणि एक फ्लेक्स: पंचशीलनगरला पाणी मिळवून दिल्याबद्दल हार्दिक आभार! नारळ फुटला. भाऊंनी कात्रीने सुतळी कापली, गोणपाट बाजूला केलं आणि तोटी फिरवली. आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग धार लागली. टाळ्या पडल्या. ज्या बाया नऊ दिवस तहानेने कावल्या होत्या, त्यांनीही वाजवल्या. छाया आपला हंडा घेऊन रांगेत मागे उभी होती. तिने मान वर केली नाही.

सर्वांत पुढे विठाबाई होती. भाऊंनी तिचा हंडा स्वतःच्या हाताने धारेखाली धरला, फोटोवाल्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काय आजी, आता खूश ना?"

विठाबाईने भरलेला हंडा उचलून कमरेवर घेतला. मग वाकून ते ओलं गोणपाट उचललं आणि भाऊंच्या गुलालाच्या हातात ठेवलं.

"पानी आमचं, नळ आमचा," ती म्हणाली. "ह्ये तेवढं तुमचं हाय, भाऊ. घेऊन जा."

ताशा थांबला. भाऊ हसायला गेले, पण बरोबरचं कोणीच हसलं नाही. रांगेतून कोणीतरी हाक मारली, "छाया, पुढं ये गं, तू भर आधी." आणि बाया बाजूला सरकल्या. छायाने हंडा लावला. तिचे डोळे भरले होते, की माझंच पाणी उडालं होतं, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मी थकलेला नळ. मला फुलं नकोत, फोटो नको. तुमच्या गल्लीतला नळ, दिवा, घंटागाडी तुमची आहे, एवढं विसरू नका. तुमचंच तुम्हाला कोणी भेट म्हणून द्यायला आला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याच्या हातातली सुतळी बघा.