उष्टावणीचा दोष

"माणसाचं अख्खं चारित्र्य त्याच्या पहिल्या घासात ठरतं," असं रंगनाथ आबांनी जाहीर केलं, तेव्हा शनिवार पेठेतल्या त्या फ्लॅटमध्ये ऐकायला दोनच माणसं होती. एक त्यांची सून अपेक्षा. दुसरं अडीच वर्षांचं, चघळलेली पोळी भिंतीला लावण्यात गुंतलेलं.

ते दुसरं म्हणजे नात, मुक्ताई. दाढा आल्या तरी ती चावत नव्हती. पुढच्या दातांनी नुसतं चुबुकचुबुक करायची, मग गिळायची नाहीतर थुंकायची. आबांचं निदान पक्कं होतं. उष्टावण मामाच्या, म्हणजे सार्थकच्या हातची. "तुझा भाऊ चावत नाही, अपेक्षा, ढकलतो. पोर गिळणारच." हे त्यांनी एका मुंजीत आणि दोन लग्नांत भरपंक्तीत सांगितलं होतं. तेव्हापासून सार्थकनं घरी येणं सोडलं होतं.

शेवटी अपेक्षानं कसबा पेठेत, मुलांच्या दातांच्या डॉक्टर निकितांकडे वेळ घेतली. आबा साक्षीदार म्हणून गेले.

डॉक्टरांनी मुक्ताईला पोळीचा तुकडा दिला आणि तिची हनुवटी न्याहाळली.

"दात यायच्या आधी जबडा नुसता वर-खाली होतो. दाढा आल्या की हळूहळू आडवाही फिरतो, जात्यासारखा. हिचा अजून वर-खालीच. मुलं बघून शिकतात. दुपारी हिच्यासमोर कोण जेवतं?"

"मी," आबा अभिमानानं म्हणाले.

"मग आपणही एक घास खाऊन दाखवा."

"आज चतुर्थी. उपास आहे."

सकाळी अपेक्षानं त्यांना दोनदा पोहे वाढले होते. ती भिंतीवरच्या चित्रातल्या हसऱ्या दाढेकडे बघत राहिली.

"माझाही आहे," म्हणत डॉक्टरांनी ड्रॉवरमधून भाजलेले शेंगदाणे काढले. "घ्या."

आबा दाण्यांकडे बघत बसले. मुक्ताईला त्यांची दया आली असावी. तिनं त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली.

"आबांचे दात."

मागच्या दाढांची कवळी टोचायची. म्हणून अपेक्षाची नजर चुकवून ती खिशात जायची, आणि दुपारी अपेक्षा ऑफिसात असताना आजोबा-नात समोरासमोर बसून दुधातली पोळी चुबकायचे.

"शिक्षक सापडले," डॉक्टर म्हणाल्या.

 

घरी आल्यावर अपेक्षानं सार्थकला व्हिडिओ कॉल लावला, फोन तांब्याला टेकवला आणि आबांपुढे वाटीभर दाणे ठेवले. "उपास आहे ना आपला?"

आबांनी फोनकडे तोंड वळवलं. 

"सार्थकराव," ते म्हणाले. 'राव' आज पहिल्यांदाच लागलं होतं. "दोष उष्टावणीत नव्हता, माझ्या खिशात होता. पंक्तीत बोललो, पंक्तीतच परत घेईन. येत जा घरी."

"अहो आबा, असू द्या..." सार्थक फोनमधून म्हणाला.

आबांनी कवळी बसवली, एक दाणा तोंडात टाकला आणि जबडा आडवा फिरवला. डोळ्यांत पाणी आलं. समोर मुक्ताईनं आपली हनुवटी जराशी आडवी सरकवून पाहिली.

"अपेक्षा," आबा हळूच म्हणाले, "उरलेल्यांचं कूट करून देतेस?"