ओसरीवरची पांढरी ट्यूब

बानाबाईची हौस म्हणजे हौस! शेजारच्या कडूबाईकडं ट्यूब लागली आणि हिला घास गोड लागेना. वायरमन म्हणाला होता, शंभरच्या बल्बापेक्षा चाळीसची ट्यूब बरी. करंट निम्मा, उजेड दुप्पट. मग काय, सोनाजी वाळूजला कारखान्यात गेलेला बघून हिनं ओसरीवरचा पिवळा बल्ब काढायला लावला. काढताना तो फुटला. फुटला तर फुटला मेला! दिवेलागणीला बटण दाबलं, तर अंगण पार मेंढवाड्यापर्यंत उजळलं. आता नवऱ्याचं तोंड बघायला ती उंबऱ्यातच बसली.

सोनाजीनं सायकल आडवीच टाकली. "बल्ब कुठाय?"

"फुटला. उजेड तर बघा!"

"अगं, काय करून बसलीस!" तो ज्वारीकडं बघत म्हणाला.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तशी गावोगाव माथी भडकली होती, हे बानाबाईला ठाऊक होतं. आज दलितवस्ती पेटवायची बोली झालीय, हे मात्र ठाऊक नव्हतं. त्या वस्तीतला रामकिसन सोनाजीबरोबर कारखान्यात होता, पोरपणी त्याच्याच जोडीनं मेंढरं राखलेला. दुपारी दोघांचं ठरलं होतं. रामकिसननं बायको-लेकीला घेऊन अंगणापुढच्या ज्वारीत दडायचं. ओसरीवर पिवळा बल्ब दिसला, की घरात यायचं. नाय दिसला, तर पुढं निघून जायचं.

"हे पांढरं बघून त्याला वाटंल, गॅसबत्त्या घेऊन माणसं आपल्याच दारात आलीत," सोनाजी म्हणाला. "कालव्याच्या वाटेनं जाईल तो. आन् तिथं त्या पेटवणाऱ्यांची जीप उभी हाय."

बानाबाई कोनाडे धुंडाळून आली. घरात दुसरा बल्ब नव्हता, दुकानं कधीच बंद झाली होती.

"मग हाक मारा की!"

"त्याचं नाव घेऊन? कोण कोण ऐकतंय, ठाव हाय का तुला?"

ती ताडकन उठली. ट्यूब बंद केली आणि अंगणाच्या कुडापाशी जाऊन मेंढरांना घालतात तशी लांब हाळी घातली, "हुर्रर्र... भोरे! ये गं भोरे!"

भोरी मेंढी लांडग्यानं नेली त्याला पंचवीस वर्षं झाली होती. तिच्यासाठी सोनाजी आणि रामकिसन ही दोन पोरं किती रडली, ते बानाबाईनं नवऱ्याकडून दहादा ऐकलं होतं.

"बाने, मेंढरू चुकलं का गं?" कडूबाईनं पलीकडून विचारलं.

"व्हय गं, लई चुकार मेली!" बानाबाई म्हणाली. तिनं पुन्हा हाळी दिली. मग पुन्हा. ज्वारी हलेना. आपल्या हौसेपायी तिघांचा जीव गेला, असं तिला वाटलं.

चौथ्या हाळीला ज्वारीची ताटं सळसळली. आधी रामकिसनची बायको लीलाबाई आली, मागून लेकीला खांद्यावर घेतलेला तो. बानाबाईनं तिघांना आत ओढून कडी घातली.

"कालव्यापाशी पोचलो होतो, वहिनी," तो धापा टाकत म्हणाला. "जीपवाल्यांच्या विड्या दिसत होत्या. तेवढ्यात भोरीचं नाव ऐकलं."

बानाबाईनं लीलाबाईला पोटाशी धरलं आणि हमसून हमसून रडली. अंधारात पोरगी म्हणाली, "काकू, लाईट लावा ना."

"नगं, माझे माय," बानाबाई म्हणाली. "आज नगं."