चार काजांचं जेवण

दुकानाच्या पायरीवर माणूस चढला की मास्तरांना त्याची कंबर कळायची. टेप नंतर, आधी डोळा. अंदाज अर्ध्या इंचाने चुकला तर त्या दिवशी त्यांचा चहा बेचव व्हायचा. पँट आटली अशी तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक आठवड्याला एक तरी असायचं. त्याला ते आवाज न चढवता सांगायचे, की कापड आटतं ते पहिल्या धुण्यात. त्यानंतर कापड आटत नाही, माणूस वाढतो. गिऱ्हाईक ओशाळं हसायचं आणि पँट सैल करायला टाकून जायचं.

मास्तरांच्या मापवहीत अर्ध्या वस्तीची मापं होती. फक्त मास्तरांचं पान नव्हतं. शिवणारा स्वतःचं माप वहीत कशाला लिहील? ते हाताला पाठ असतं, असा बावीस वर्षांचा हिशेब. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

दोन वर्षांपूर्वी मास्तर एकशे बत्तीस किलोंचे होते. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचून घ्यायचे. त्याचं दुःख नव्हतं, सुई त्यांना परकी नव्हती. दुःख वेगळंच होतं. डाव्या डोळ्यासमोर जाळं यायला लागलं आणि दोरा सुईच्या नाकाऐवजी हवेत ओवला जायला लागला. मग कुणी न सांगता काजवाल्या मावशी रोज सकाळी दहा सुया ओवून मास्तरांच्या उशीला टोचून ठेवू लागल्या. उशी म्हणजे टाचण्यांची. मावशी दुकानाच्या खिडकीशी बसून काजं-बटणं करायच्या. मास्तरांपेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या, आणि तोंडाने त्याहून मोठ्या. त्या दहा सुयांबद्दल मात्र त्यांनी कधी अवाक्षर काढलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: साखर अशीच राहिली तर दोन-तीन वर्षांत शिवण सोडावं लागेल. मास्तरांना दुसरं काही येत नव्हतं.

म्हणून त्यांनी पोटाचं ऑपरेशन करून घेतलं. पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी केली, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे आणि वर म्हणायचे, "सर्जनचा हात चांगला आहे. टाका एकसारखा." दुसऱ्या महिन्यात इन्सुलिन सुटलं. सहाव्या महिन्यात एका सकाळी उशीवरच्या दहाही सुया तशाच राहिल्या, कारण मास्तरांनी अकरावी स्वतः ओवली. मावशींनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुया टोचणं बंद केलं.

चौदाव्या महिन्यात काटा शहाऐंशीवर आला. मधल्या काळात शिवलेली काळी पँट मास्तरांनी सहा वेळा आत घेतली होती, चव्वेचाळीसची अडतीस केली होती. मागचे खिसे सरकत सरकत एकमेकांच्या शेजारी येऊन बसले. बायको म्हणाली, "अहो, आता नवी शिवा. मागून बघितलं तर दोन खिसे कानगोष्टी करतायत असं वाटतं." पण मास्तरांना ती पँट आवडायची. तिच्या शिवणीच्या आत सहा इंच कापड दुमडून ठेवलेलं होतं. त्यांच्या उस्तादांची शिकवण होती की कापड कापून टाकायचं नाही, शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, ठेवायची, कारण माणसाच्या अंगाचा भरवसा नाही. गिऱ्हाइकाला जे ठेवायचं, तेच त्यांनी स्वतःसाठी ठेवलं.

मग शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं. पाचशे चाळीस शर्ट. इस्पितळातल्या आहारताईंनी शिकवलेली शिस्त कामाच्या रगाड्यात एकेक करून निसटायला लागली. ऑपरेशन झालेली मंडळी त्या तरुण बाईंना आहारताईच म्हणायची, त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला माहीत होतं. त्यांचं सांगणं साधं होतं. दिवसाला ठरलेली जेवणं, बसून. आधी अंडं, मासा, डाळ किंवा दही, मग भाजी, जागा उरली तर भात. जेवताना पाणी नाही, पुढेमागे अर्धा तास नाही. गोळ्या जन्मभर. चालणं रोज. मास्तरांनी वर्षभर ते डोळ्यांत तेल घालून पाळलं. गणवेश आल्यावर दुपारचा डबा मशीनवर बसल्या बसल्या दोन घासांत आटोपायला लागला, आणि मग शर्टाच्या दोन बाह्यांमध्ये एक बिस्कीट. पुढच्या दोन बाह्यांनंतर आणखी एक. केळ्याएवढ्या पोटात जेवण मावत नाही, पण चहात बुडवलेलं बिस्कीट कुठेही मावतं. मास्तर जेवत नव्हते, चरत होते. चालायला वेळ नव्हता. तपासणीच्या दोन तारखा गेल्या. दुसरीच्या वेळी इस्पितळातून फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, की तब्येत ठणठणीत आहे, पँट अगदी बरोबर बसते.

ते खोटं नव्हतं. पँट खरंच बरोबर बसत होती.

त्या पँटचा हूक एका सकाळी निसटला. मास्तरांच्या हातात कॉलर होती, म्हणून त्यांनी दुकानातली जुनी पँट चढवली आणि काळी मावशींकडे टाकली. मावशींनी हूक लावला. मग सवयीने पँट उलटी करून शिवण पाहिली. पाहून झाल्यावर त्यांनी सुई खाली ठेवली. दिवसा त्यांच्या हातातून सुई सहसा सुटत नसे, म्हणून मास्तरांनी मान वर केली.

मावशींनी पँट खिडकीच्या उजेडात धरली होती. कापडाला एकदा टाका बसला की त्याची खूण जात नाही. उसवलं तरी भोकांची रांग राहते. पँटीच्या मागच्या शिवणीत अशा रांगा एकाशेजारी एक आतल्या बाजूला चाललेल्या होत्या. पण शिवण सर्वांत आतल्या रांगेवर नव्हती. ती तीन रांगा बाहेर होती, आणि निळ्या दोऱ्याची होती.

"मास्तर," मावशी म्हणाल्या, "काळ्या दोऱ्याची रिळं गणवेशाआधी संपली. त्यानंतर गडद दोरा म्हणून आपल्याकडे निळाच आहे."

"मग?"

"मग ही पँट निळ्या दोऱ्याने तीनदा उसवून बाहेर घेतलीय. कुणी?"

मास्तर हसायला गेले, पण हसू अर्ध्यावर राहिलं. कुणी, ते त्यांनाच आठवून काढावं लागलं. कधीतरी सकाळी इस्त्री गरम होईपर्यंत पँट जरा आवळल्यासारखी वाटली होती आणि हाताने अर्धा इंच सोडला होता. महिन्या-दीड महिन्याने पुन्हा. आणि पुन्हा. दर वेळी मनात आलं होतं, की धुऊन आटली असणार. बावीस वर्षं हाताला तीच सवय. आवळलं की सोडायचं. इतर माणसांना पँट सांगते. मास्तरांच्या पँटला त्यांनी बोलूच दिलं नव्हतं.

"आटली असेल," ते म्हणाले.

मावशींनी पँट त्यांच्या मांडीवर ठेवली. "हे तुम्ही मला सांगताय?"

दुपारी मास्तरांनी सुई ओवायला घेतली. तिसऱ्या खेपेला ओवली गेली. उजेड कमी होता, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि मग खिडकीतून पडलेल्या लख्ख उन्हाकडे बघत बसले. संध्याकाळी इस्पितळात फोन करून त्यांनी तारीख मागून घेतली.

काट्याने त्र्याण्णव दाखवलं. सात किलो जास्त. रक्तातली साखर जुन्या उंबरठ्याच्या अलीकडेच होती, पण उंबरठा दिसत होता. आहारताईंनी कागद पाहिले, रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, की कपडे आवळायला लागले तेव्हाच का आला नाहीत. मास्तर म्हणाले, की कपडे आवळले नाहीत. मग त्यांनी पँटीची हकीकत सांगितली, रांगा आणि निळ्या दोऱ्यासकट. बायको शेजारच्या खुर्चीत बसून पहिल्यांदाच हे ऐकत होती. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, की घरी त्यांना साधं बटण लावायला सांगितलं तर महिना लागतो.

आहारताई हसल्या. मग म्हणाल्या, की दुसऱ्या वर्षात थोडं वजन परत येणं नवलाचं नाही, बऱ्याच जणांचं येतं, सात किलोंनी काही बुडालेलं नाही. पण हे सात कुठल्या वाटेने आले ते बंद केलं नाही तर मागून आणखी येतील. ऑपरेशनने पोट लहान केलं आहे, हाताची सवय जशी होती तशीच आहे. तिथे सर्जनचं काही चालत नाही.

"मला तुमचं रोजचं वजन नको," त्या म्हणाल्या. "रोज काट्यावर चढून माणूस वेडा होतो. जेवण बसून करा, बाकीचं त्यामागे येईल. आणि महिन्यातून एकदा कंबर मोजून घ्या. स्वतः मोजायची नाही."

"मग कोण मोजणार?" मास्तरांनी विचारलं. त्यांचं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून दुकान दुपारी एक वाजता बंद व्हायला लागलं. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. एकाने काचेवर टकटक करून मास्तरांच्या डब्याकडे बोट दाखवत खुणेने विचारलं, जेवताय का, आणि उत्तराची वाट न बघता पायरीवर बसला. अडचण बाहेर नव्हतीच. अडचण अशी, की मास्तरांना सावकाश जेवता येत नव्हतं. हात रिकामा राहिला की अस्वस्थ व्हायचा. आहारताईंनी सांगितलं होतं की जेवण वीस-पंचवीस मिनिटं चालावं. घड्याळ समोर ठेवलं तर मास्तर घड्याळाशी शर्यत लावायचे. पाचव्या मिनिटाला डबा रिकामा, आणि पोटात दगड.

तोड निघाली ती मावशींच्या हातातून. हाताने घातलेलं एक काज मावशींना सहा मिनिटं घ्यायचं, ना कमी ना जास्त. चाळीस वर्षांत त्यात फरक पडला नव्हता. चौथ्या दिवशी मास्तर पुन्हा भराभर गिळायला लागले तेव्हा मावशी कोटावरून नजर न काढता म्हणाल्या, "मी चार काजं घालणार आहे. चौथ्याला दोरा तोडेन तेव्हा तुमचा शेवटचा घास. आधी संपला तर उद्यापासून डबा माझ्याकडे राहील."

म्हणून मास्तर जेवायचे ते चार काजांचं जेवण. पहिल्या काजाला अंडं किंवा मासा, घास बारीक, चमचा खाली ठेवून चावायचा. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला भाजी. चौथ्या काजापर्यंत बहुतेक वेळा भूक उरतच नसे आणि भात डब्यात परत जायचा. याचं त्यांना नवल वाटायचं. वर्षभर पोट हेच सांगत असणार, पण ते ऐकू येण्याइतकं त्यांनी कधी थांबून पाहिलं नव्हतं. बिस्किटांचा डबा बायकोने घरी नेला. पहिले दहा-बारा दिवस मास्तरांचा हात दोन बाह्यांच्या मधे फडताळाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. एकदा मावशींनी त्या हातात खडू ठेवला. दोनदा मास्तर कोपऱ्यावर जाऊन बिस्कीट खाऊनही आले. एकदा ते त्यांनी आपण होऊन सांगितलं, एकदा शर्टावरच्या चुऱ्याने. चालणं संध्याकाळी, बायकोबरोबर. ती भराभर चालायची आणि वळून म्हणायची, की गणवेशाच्या घाईत होतात तेव्हा बरे पळत होतात.

महिना भरला त्या सकाळी मावशींनी टेप गळ्यात घातली. त्यांना ती शोभत नव्हती. मास्तर गिऱ्हाइकाच्या जागेवर, आरशासमोर उभे राहिले. बावीस वर्षं त्या जागेकडे तोंड करून उभा असलेला माणूस आज पाठमोरा झाला. मावशींनी टेप कमरेभोवती घेतली, आणि मास्तरांनी तेच केलं जे प्रत्येक गिऱ्हाईक करतं.

"श्वास सोडा, मास्तर," मावशी म्हणाल्या. "हे तुम्हीच सगळ्यांना सांगता."

त्यांनी श्वास सोडला. साडेएकोणचाळीस. मावशींनी वहीचं नवं पान उघडलं, वर 'मास्तर' लिहिलं आणि खाली आकडा. पँटीच्या शेवटच्या निळ्या शिवणीचाच आकडा, महिनाभरात हलला नव्हता. तरी एक वाजता दुकान बंद झालं. दुसऱ्या महिन्यात आकडा पाव इंच उतरला, तिसऱ्यात आणखी अर्धा. इस्पितळाच्या कागदावर साखर उंबरठ्यापासून दोन पावलं मागे गेली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नवं काही सांगितलं नाही. त्यांच्याकडून एवढंच ऐकायचं होतं.

पँट पुन्हा सैल झाली. मास्तरांनी ती मशीनवर घेतली, उसवायचं पातं उचललं, आणि थांबले. मग उठून पँट मावशींच्या खिडकीत नेऊन ठेवली.

मावशींनी खडूने नवी रेघ मारली. आतलं कापड चिमटीत धरून त्यांनी विचारलं, "हे एवढं ठेवू, की कापून टाकू?"

मास्तरांनी कापडाकडे पाहिलं. उस्तादांची शिकवण खोटी नव्हती. अंगाचा भरवसा कालही नव्हता, उद्याही नसेल.

"ठेवा," ते म्हणाले. "पण दोरा पांढरा घाला. मी परत उसवलं तर तुम्हाला नाही, तर बायकोला तरी दिसेल."

"काळ्या पँटीला पांढरी शिवण. लोक म्हणतील मास्तरांचा हात गेला."

"म्हणू देत."

मावशींनी पांढऱ्या दोऱ्याचं रीळ शोधून काढलं आणि सवयीने टोक जिभेला लावायला गेल्या. मास्तरांनी सुई आणि दोरा त्यांच्या हातून घेतला. खिडकीकडे वळून, एका डोळ्याने बघत, पहिल्या खेपेला ओवला, गाठ मारली आणि सुई त्यांना परत दिली. एक वाजायला पाच मिनिटं होती. ते दुकानाचं दार ओढून घ्यायला गेले.