धवलारणीचा गळा

माझ्या सासूबाई, सगुणाबाई, ठाकुर्लीच्या धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत हळदीपासून पाठवणीपर्यंत देवांना आणि पितरांना गाण्यांतून बोलावणारी बाई. भटजींना उशीर झालेला चालतो, आईंचा आवाज मात्र लागलाच पाहिजे. आणि आता महिन्यावर माझ्या दिराचं, मितेशचं लग्न!

पण वर्षभर आईंची हाडं ठणकत होती आणि गाता गाता त्या ओळी विसरत होत्या. "थायरॉइडच तो!" सगळं घर म्हणायचं. दहा वर्षं गोळी चालू, त्यामुळे सगळं खापर त्याच्यावरच. आणि मी दीडशहाणी, लॅबमध्ये नोकरी करणारी, हाडांसाठी रोज कॅल्शियमची गोळी त्यांच्या हातावर ठेवत होते. शेवटी रक्त तपासलं, तर कॅल्शियम बारा! साडेदहाच्या आत हवं. मी पुन्हा मशीनला लावलं, तरी तेच. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

थायरॉइडच्या मागे चार बारीक पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांतली एक वालाच्या दाण्याएवढी फुगून हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढत होती; हाडं ठणकणं, ओळी विसरणं, सगळं त्यामुळेच. शिवाय थायरॉइडवर गाठ होतीच. "दोन्ही एकदमच काढू," ठाण्याचे सर्जन म्हणाले, "पण आवाजाची नस अगदी शेजारून जाते."

मी आईंकडे वळून पाहिलं. आई म्हणाल्या, "गानीच इसरली तं आवाज ठेवून काय करू? काप रं बाबा."

ऑपरेशनच्या दिवशी ग्रंथी निघाल्यावर दहा मिनिटांनी रक्त घेतलं. त्या ग्रंथीचं हार्मोन तीनशे दहावरून बेचाळीसवर, म्हणजे बिघडलेली नेमकी तीच निघाली होती! दिवसभर आकडेच बघणारी मी कॉरिडॉरमध्ये अक्षरशः ओरडले. मितेशने मला गदागदा हलवलं, "वहिनी, जिंकलो ना?" पण आवाजाचं अजून कळायचं होतं.

संध्याकाळी आईंनी डोळे उघडले, पण बोलेनात. नुसत्या बोटं चोळत होत्या, मुंग्या येत असाव्यात. डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं आणि म्हणाले, "आता भुकेली हाडं रक्तातलं कॅल्शियम शोषून घेतायत. काही दिवस या गोळ्या द्या."

कॅल्शियमच्याच! मी पाकीट धरून तशीच उभी राहिले. माझा हातच पुढे होईना.

"रूपाली, बघतंस काय? दे आन ती गोली! हलद काय तुझा बापूस गानार?"

आवाज जरा घोगरा होता, पण त्यांचाच! मी रडत रडत गोळी त्यांच्या हातावर ठेवली, आणि त्या मला ओरडत राहिल्या, शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसेपर्यंत.