पांढरं विमान

भडगावच्या हेमराजनानांना धुकं दिसलं ते ऑक्टोबरात, सकाळी साडेदहा वाजता. ऊन असं कडक होतं की खाली गिरणेच्या पात्रातले दगडसुद्धा मोजता आले असते. नाना दोन माणसांच्या लहानशा विमानात एकटेच होते. स्वतःच्या केळीच्या बागेवर एक चक्कर मारून ते धुळ्याकडच्या धावपट्टीवर परत निघाले होते आणि रेडिओवर सांगत होते, "कुंदनसर, धुकं फार आहे. धावपट्टी पुसट दिसतेय."

फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षक कुंदनसर खाली टपरीजवळ गॉगल लावून उभे होते. त्यांनी आकाशाकडे पाहिलं. ढगाचा एक तुकडा नव्हता.

"नाना, कुठलं धुकं?"

"सगळीकडे आहे सर. गेले चार महिने आहे."

त्यांनी उंचीचा, वेगाचा एकेक आकडा विचारत, एकेक सूचना देत नानांना खाली उतरवलं. विमान छान टेकलं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण नाना दार उघडून उतरले, पाण्याच्या टँकरपाशी गेले आणि हात जोडून म्हणाले, "राम राम, कौतिकभाऊ."

टँकरचा ड्रायव्हर कौतिक टँकरच्या दुसऱ्या बाजूला बिडी ओढत होता. त्याने तिकडूनच राम राम घातला, त्यामुळे नानांना काही वावगं वाटलं नाही. कुंदनसरांनी मात्र गुपचूप विमानाची किल्ली काढून खिशात टाकली.

हेमराजनाना एकसष्ट वर्षांचे. केळीचे शेतकरी. शाळा सोडून पस्तीस-चाळीस वर्षं झाल्यावर त्यांनी पुस्तकं आणली, वारा, ढग आणि रेडिओचे नियम पाठ केले आणि चौपन्नाव्या वर्षी खासगी वैमानिकाचा परवाना मिळवला. दर रविवारी ते एसटीने धुळ्याला जात, तासभर उडत आणि एसटीने परत येत. अलीकडे बसची पाटी वाचता येत नसल्याने ते शेजारच्या माणसाला विचारत, "भाऊ, ही धुळ्याचीच ना?" आणि मग पुढे जाऊन विमान चालवत.

सरांनी किल्ली काढून घेतली आणि डोळे तपासायला सांगितलं, हे घरी कळल्यावर त्यांची बायको बेबाबाई हसतच सुटल्या.

"मी कवयपशी सांगी राह्यनी, तुमले दिखस नही. परवा मना ताटमातली भाकर तुम्ही खाई गयात."

"ती माझीच वाटली."

"आनी त्याच्या आदल्या दिनले?"

"ती मुद्दाम खाल्ली."

जळगावच्या नेत्रतज्ज्ञ मोहिनी डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला. मग त्यांनी फॉर्म वाचला. व्यवसायाच्या रकान्यात नानांनी 'शेतकरी व वैमानिक' असं लिहिलं होतं.

"ड्रोन का? फवारणीचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. विमान."

"म्हणजे विमानाने फवारणी?"

"फवारणी नाही. मी नुसता बसतो त्यात आणि उडवतो."

डॉक्टरांनी बेबाबाईंकडे पाहिलं. बेबाबाईंनी मान डोलावली. "खरं शे, ताई."

ऑपरेशन करून डोळ्यात बसवायचं भिंग नानांनी सगळ्यात भारी मागितलं. जवळचं, लांबचं, मधलं, सगळं दिसणारं. मोहिनी डॉक्टर म्हणाल्या, "नाना, त्या भिंगात काहींना दिव्यांभोवती कडी दिसतात. घरी बसून टीव्ही बघणार असता तर बसवलंही असतं. तुमच्यासाठी साधं, लांबचं दिसणारं भिंग बरं. वाचायला चष्मा लावा. आणि वैमानिकांची तपासणी करणाऱ्या तुमच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या, नाहीतर डोळे चांगले आणि परवाना घरी, असं व्हायचं." नानांनी तिथूनच फोन लावला. त्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, आणि वर बजावलं, की बरे झाल्याचा कागद आणि फेरतपासणी झाल्याशिवाय विमानाला हातसुद्धा लावायचा नाही.

नोव्हेंबरात आधी उजव्या आणि मग डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर नानांनी पहिल्यांदा बेबाबाईंकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि मनापासून म्हणाले, "अगं, तू म्हातारी झालीस."

बेबाबाईंनी पर्समधून आरसा काढून त्यांच्या हातात दिला. नानांनी त्यात पाहिलं आणि तो लगेच परत दिला. घरी आल्यावर मात्र पुन्हा सुरू झाले. ओसरीची भिंत पांढरी म्हणून रंगवली होती, ती फिकट जांभळी निघाली. लग्नकार्यात घालायचा ठेवणीतला सदरा मोतिया नव्हे, चक्क गुलाबी होता.

"हा सदरा घालून मी तीन लग्नं केली!" ते ओरडले.

"एकच लगीन करं," बेबाबाई म्हणाल्या. "बाकीना दोनमा तुम्ही पाव्हना व्हतात."

खरी पंचाईत झाली ती धावपट्टीवर. उडायला अजून बंदी होती, पण नुसतं विमान बघून यावं म्हणून नाना एका रविवारी गेले. शेडमध्ये शिरले आणि तसेच बाहेर आले.

"सर, माझं विमान कुठंय?"

"ते काय समोर."

"हे नाही. आपलं पिवळं होतं. पिकल्या केळीसारखं. हे पांढरं आहे. तुम्ही विकलं ना ते?"

"नाना, ते पहिल्यापासून पांढरंच आहे. पिवळं ते मोतीबिंदूमुळे दिसत होतं."

नानांचा विश्वास बसेना. ते शेपटीवरची अक्षरं वाचून आले, सीटचा फाटलेला कोपरा चाचपून आले, दारात अडकणारी कडी उघडून बघून आले. सगळं तेच होतं. मग ते पंखाखाली बाकडं ओढून बसले आणि त्यांना चक्क वाईट वाटलं. पिवळ्या विमानावर त्यांचा जीव होता. कुंदनसरांनी चहा आणून दिला.

मार्चमध्ये वैमानिकांची तपासणी करणाऱ्या महाले डॉक्टरांकडे नाना हजर झाले. सोबत मोहिनी डॉक्टरांचा कागद, वाचायचा चष्मा, एक जास्तीचा चष्मा आणि बेबाबाई. डोळ्यांत नाना झकास पास झाले. खालची बारीक ओळ तर त्यांनी विचारायच्या आत वाचली आणि वर 'छपाई जरा तिरकी आहे' असंही सांगितलं. मग कानांची पाळी आली. डॉक्टर पाठीमागे लांब उभे राहिले आणि कुजबुजले, "बावन्न."

नाना स्वस्थ बसले.

डॉक्टर पुन्हा कुजबुजले, "सदतीस."

"सदतीस!" पडद्यापलीकडून बेबाबाई ओरडल्या. "आनी पहिले बावन्न!"

"बाई, परवाना तुम्हाला हवाय का?" डॉक्टर म्हणाले. मग नानांना विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"आलं ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतकं हळू बोलत होतात, मला वाटलं काही खासगी असेल."

डॉक्टरांनी कपाळ चोळलं, आणखी चार आकडे कुजबुजले, नानांनी ते खणखणीत परत दिले. नाना उडायला लायक ठरले. चष्मा सोबत ठेवण्याची अट तेवढी लिहून आली.

नियमाप्रमाणे कुंदनसर आधी दोनदा त्यांच्यासोबत उडाले. त्यानंतर एप्रिलच्या एका सकाळी नानांनी बेबाबाईंना शेजारी बसवलं. सात वर्षांत त्या एकदाही बसल्या नव्हत्या. धुळे मागे पडलं, गिरणा आली, मग भडगाव. बेबाबाई घाबरल्या नाहीत. त्या खिडकीला नाक लावून प्रत्येक घर ओळखत होत्या आणि कोणाकोणाच्या गच्चीवर पसारा आहे ते मनात टिपत होत्या. मग एकदम किंचाळल्या.

"आहो! वांदरं! आपली गच्चीवर!"

नानांनी पाहिलं. आदल्या दिवशी वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांवर, म्हणजे बिबड्यांवर, वानरांची पंगत बसली होती. एवढ्या उंचीवरूनही त्यांना एकेक शेपटी स्पष्ट दिसली आणि त्या क्षणी त्यांना इतका आनंद झाला की ते हसायला लागले.

"हसतस काय? खाले ल्या इमान!"

"नेता येत नाही. नियम आहे."

"वांदरांले नियम शे का?"

नानांनी उंची सोडली नाही, पण पंख दोनदा इकडून तिकडे हलवले. सगळ्या वानरांनी वर पाहिलं. एक मोठा हुप्या उभा राहिला आणि थोडा वेळ विचार करून पुन्हा खायला बसला. बेबाबाईंनी खिडकीच्या काचेवर थापा मारून त्याला शिव्या दिल्या. तेवढ्यात नानांनी परतीचा निरोप देण्यासाठी रेडिओचं बटण दाबलं, आणि कुंदनसरांना धुळ्यात बसून सगळं ऐकू आलं.

"नाना, काय अडचण आहे?"

उत्तर बेबाबाईंनीच दिलं. "बठ्ठ्या बिबड्या खाई गयात, सर!"

उतरल्यावर कुंदनसरांनी वही पुढे केली. "नाना, शेऱ्यात काय लिहू?"

"वानरं हाकलणे."

"असं लिहिता येत नाही."

"बरोबर शे," बेबाबाई पदर सावरत म्हणाल्या. "गयातच नहीत वांदरं."

कुंदनसरांनी 'स्थानिक उड्डाण' असं लिहिलं. नानांनी खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला, ओळ नीट वाचली आणि खाली सही केली. मग दोघं एसटी पकडायला निघाले. बस वळणावर येताच नानांनी तिची पाटी मोठ्याने वाचून दाखवली.