जावईबापूंचे पाय

मी यंत्राच्या पायांचा जोड बोलतोय. उठता न येणाऱ्यांना उभं करतो मी; माझ्याएवढा पराक्रमी या दवाखान्यात दुसरा नाही! आता बॅटरी संपली की मलाच दोघंजण उचलून भिंतीला टेकवतात, ती गोष्ट सोडा.

कंबरेपासून पावलापर्यंत मला माणसाला बाहेरून बांधतात. गुडघ्याशी मोटारी, मांडीला पट्टे. साहेब असो की हमाल, घाम सगळ्यांचा सारखाच घाण. हुंगून सांगतोय.

मग तो शिंपी आला. जिन्यावरून पडला, पाठीचा कणा दुखावला, कंबरेखालचं सगळं मुकं झालं. मला बांधायला दोन माणसं, पुसायला तिसरं. म्हणून त्यानं मला नाव ठेवलं जावईबापू. "उठा जावईबापू! की अजून मानपान राहिलाय?" मी मुद्दाम कुईं करायचो. तो खदखदून हसायचा.

व्यायाम घेणाऱ्या ताई माझा जोर हळूहळू कमी करायच्या. मी सोडलेला भार त्याच्या पायांनी उचलायचा, अशी रीत. पण मी सोडलं की गुडघा मिटलाच.

"आज लागला ना माझा जोर?" तो घामाघूम होऊन विचारायचा.

ताई यंत्राच्या पडद्यावरचा आकडा बघून म्हणायच्या, "उद्या बघू."

आकडा मला ठाऊक होता. शून्य. जन्मभर खोड्या काढल्या मी, पण ही थट्टा मलाच सोसवेना.

शेवटी डॉक्टरांनी सांगून टाकलं, पाय परत येतील असं दिसत नाही. आता दुसऱ्यांना संधी देऊ.

शेवटच्या दिवशी त्याची आई आली. ताईंनी गुपचूप माझा जोर पूर्ण केला. कुबड्या टेकत आम्ही थेट तिच्यापाशी गेलो. ती बाकावरून उठली.

"अरे, चालतोस की गुलामा! मग चाकाची खुर्ची कशाला अडवून ठेवलीस?"

ताईंनी मागून धरलं, तशी त्यानं एक कुबडी सोडून तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्याकडं नुसता बघत राहिला. ती डोळे पुसत बाहेर सगळ्यांना सांगायला धावली.

पट्टे सुटले. पाय ओल्या कापडासारखे लोंबले. त्याला खुर्चीत बसवलं. मी जाता जाता डिवचलं, कुईं! म्हणजे, पावलं टाकली मी आणि कौतुक तुझं!

त्यानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "माहितीय रे, पाय तुझे होते. घरी गेल्यावर सांगेन तिला. पण आई चार बोटं बुटकी झालीय, हे खुर्चीत बसून मला कधी कळलं असतं?"